चंदेरीला जायचंय? सॅक नंतर भरा, आधी हे वाचा

बदलापूरजवळच्या चंदेरी किल्ल्याची तयारी म्हटलं की सगळे सॅक उघडून बसतात, मी आधी घड्याळ बघते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि चंदेरीची नळी, म्हणजे दगडांनी भरलेली उभी घळ, उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, नवीन लोक असतील तर जास्तच, म्हणजे उजेड असताना पायथ्याच्या चिंचवली गावात पोचायचं तर दुपारी एकपर्यंत सुळक्याखालची गुहा सोडायलाच हवी, मग वरचा सुळका राहिला तरी चालेल. ही वेळ ग्रुपवर आदल्या दिवशी टाका आणि सगळ्यांकडून हो म्हणवून घ्या, कारण वर गेल्यावर "अजून फक्त अर्धा तास" म्हणणारा एकजण असतोच. एकपासून मागे मोजत आलं की ठाण्याहून पहाटेचीच बदलापूर किंवा कर्जत लोकल पकडावी लागते. बदलापूरला उतरल्यावर रिक्षाचा भाव आधी ठरवा आणि त्याच दादांचा नंबर घेऊन ठेवा, संध्याकाळी गावात रिक्षा मिळेलच असं नाही.

सीझन ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चंदेरी नकोच, कातळावर शेवाळ असतं, नळीतून पाण्याचा लोंढा येतो, आणि बंदीचा आदेश असेल तर तो पाळा.

आता बूट. यावर मी जरा जास्त बोलणारे. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने कपाटात पडून असलेले बूट घातले, वरून अगदी नवे दिसत होते, आणि नळीच्या मध्यावर उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला, पाय उचलला की सोल खाली लोंबायचा. बूट नुसते ठेवून दिले तरी आतला गम सुकतो. आम्ही बुटाची लेस काढून सोल बांधला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि तिथूनच सगळे परत फिरलो, त्या उतरणीत तो पाय टाकताना प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून आठवडाभर आधी बूट घालून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात एक चक्कर मारा, सोल हाताने वाकवून कडा नीट बघा. महागडेच हवेत असं नाही, ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घालून कितीतरी जणांनी अर्धा सह्याद्री पालथा घातलाय. चिकटपट्टी आणि जादा लेस मात्र सॅकमध्ये कायम.

पाणी माणशी 3 लिटर, त्याहून कमी नाही. वरच्या टाक्याच्या भरवशावर निघू नका. सोबत ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, थेपले किंवा चपाती-चटणी. हेडटॉर्च प्रत्येकाकडे, दिवसाचा ट्रेक असला तरी, मोबाईलचा टॉर्च नाही कारण नळीत दोन्ही हात मोकळे लागतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, गवत आणि काटे अंगाला लागतात. अत्तर, डिओ घरीच ठेवा, कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, आणि धूर अजिबात नको.

हेल्मेट न्या, गिर्यारोहणाचं, बाईकचं नाही, बाईकच्या हेल्मेटमध्ये वर बघताही येत नाही. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, भेगांमधून पाणी झिरपून दगड सुटे होतात, आणि नळी म्हणजे हे सगळे दगड खाली यायचा रस्ताच. त्यामुळे नळीत एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने थांबायचं नाही, आणि दगड सुटला की कोणाचा वगैरे न बघता मोठ्याने "दगड!" ओरडायचं. धरायच्या आधी दगडावर मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा हलला तर सोडा. गवत आणि कारवी धरून चढू नका, डिसेंबरनंतर सुकलेलं गवत मुळासकट हातात येतं. दोन हात एक पाय नाहीतर दोन पाय एक हात, तीन ठिकाणी पक्का आधार असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही.

गुहेच्या वरचा कातळटप्पा करायचा असेल तर दोर हवा आणि दोर वापरता येणारा माणूस हवा, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला, नुसते व्हिडिओ बघितलेला नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणणारेही मी बघितलेत, प्लीज नको. असा माणूस सोबत नसेल तर गुहेपर्यंत जाऊन या, तिथून समोर म्हैसमाळचा डोंगर आणि सगळी माथेरानची रांग दिसते. ज्या जागेवरून उतरता येईल याची खात्री नाही तिथे चढायचंच नाही, उतरताना पाय ठेवायची खाच दिसतच नाही.

घरी एका कागदावर लिहून ठेवा, कोण कोण गेलंय, कुठल्या वाटेने, रिक्षावाल्या दादांचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला लावायचा. वर रेंज येते-जाते, त्यामुळे मॅप आणि ट्रॅक आधीच डाउनलोड करा, पॉवरबँक चार्ज करा.

आणि पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना अंगठा पूर्ण वेळ बुटाच्या पुढच्या भागावर आदळत राहतो, नख वाढलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी ते काळं पडलेलं असतं.