नवीन हॉटेलचं बजेट : गणिताच्या प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

'नवीन हॉटेल काढायचंय, प्लॅन आणि बजेट तयार करा' असा प्रोजेक्ट नववी-दहावीला नाहीतर अकरावी कॉमर्सला मिळाला की बहुतेक फायली एकाच थाटाच्या येतात, पहिल्या पानावर चकचकीत रिसॉर्टचा फोटो, मग हॉटेलचं झकास नाव, आणि शेवटच्या पानावर पहिल्याच वर्षी कोटभर नफा. बेरीज-गुणाकार सहसा बरोबरच असतात, कॅल्क्युलेटर असतोच हातात. गडबड होते ती आकडा कशाचा आहे हे न लिहिल्यामुळे, म्हणजे तो दिवसाचा की वर्षाचा, कार्पेटचा (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअपचा (भिंती, जिना, पॅसेज धरून एकूण बांधकाम), जीएसटी धरून की सोडून, आणि मग दोन वेगळ्या जातीचे आकडे बिनधास्त एकमेकांशी गुणले जातात.

सगळं एकाच उदाहरणावर बघूया. मालवणजवळ तारकर्लीला १६ खोल्यांचं छोटं हॉटेल. कायद्याने ठरलेले टॅक्सचे दर सोडले तर खालचे रेट मी हिशोबासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या भागातले विचारून घाला.

जागा मोजतानाच गाडी घसरते

एका खोलीचं कार्पेट २५० स्क्वेअर फूट धरलं तर १६ खोल्यांचे ४,००० झाले, बांधकामाचा रेट २,२०० रुपये स्क्वेअर फूट, म्हणजे ८८ लाख, संपला विषय. पण मग भिंती कुठे गेल्या? जिना, पॅसेज, रिसेप्शन, किचन, चादरी-टॉवेल ठेवायची खोली, स्टाफ झोपणार कुठे? हे सगळं धरून कार्पेटच्या साधारण १.६ पट एकूण बांधकाम घेतलं तर ६,४०० स्क्वेअर फूट होतं आणि खर्च जातो १ कोटी ४० लाख ८० हजारांवर. म्हणजे एका विसरलेल्या जिन्या-पॅसेजची किंमत ५२ लाख ८० हजार! काँट्रॅक्टरचा रेट बिल्टअपवर असतो, तुमच्या कार्पेटवर नाही, हे आधी डोक्यात घ्या.

एककांचे घोळ तर विचारूच नका. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नाही, १०.५ फूट, कारण फुटात इंच १२ असतात. मीटरचे फूट करायला ३.२८ ने गुणतात म्हणून चौरस मीटरलाही ३.२८ च लावणारे दरवर्षी भेटतात, तिथे १०.७६ लागतं. गुंठा म्हणजे १,०८९ स्क्वेअर फूट, तेव्हा १० गुंठ्यांचा प्लॉट १०,८९० चा, १०,००० चा नाही. आणि ब्रास हा शब्द दिसला की जरा थांबा, वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, दोन्ही एकाच कॉलममध्ये घालून बेरीज मारली तर सरांना काय उत्तर देणार? मॉडेल करत असाल तर १:१०० च्या स्केलला लांबी १०० पट लहान होते पण क्षेत्रफळ १०,००० पट.

आणि हो, हॉटेल अगदी लाटांना टेकवून काढू नका. चित्र छान दिसतं, पण किनाऱ्यावर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम असतात, भरतीरेषेपासून ठराविक अंतरात नवीन बांधकाम चालत नाही, त्यामुळे प्लॉटच्या नकाशात ती रेषा दाखवा आणि उरलेल्या जागेचंच क्षेत्रफळ काढा. भूमितीचे मार्क तिथेच मिळतात.

३६५ दिवस हाऊसफुल्ल

ही सगळ्यात लाडकी चूक. १६ खोल्या × ३६५ दिवस = ५,८४० रूम-नाइट (एक खोली एका रात्रीसाठी म्हणजे एक रूम-नाइट), गुणिले ३,५०० रुपये, उत्पन्न २ कोटी ४ लाख. तारकर्लीला जुलैमध्ये धो-धो पावसात, समुद्र खवळलेला आणि बोटिंग बंद असताना रोज १६ च्या १६ खोल्या कोण घेणार आहे ते सांगा मला.

जरा शहाणी मुलं सीझन पाडतात. दिवाळीची सुट्टी, डिसेंबर अखेर आणि मे मिळून गर्दीचे ६० दिवस, भाडं ३,५००, भरलेल्या खोल्या ८५ टक्के. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, भाडं १,८००, भरलेल्या २० टक्के. उरलेले १८३ दिवस, भाडं २,५००, भरलेल्या ५० टक्के. इथपर्यंत मस्त. पण पुढे काय करतात, तर ८५, ५० आणि २० ची सरासरी ५१.६७ टक्के, भाड्याची सरासरी २,६००, दोन्ही ५,८४० शी गुणले आणि आले ७८ लाख ४५ हजार. चूक! तिन्ही सीझनचे दिवस सारखे नाहीत, पावसाळ्याचे १२२ दिवस आणि गर्दीचे ६० दिवस यांना एकच वजन कसं देणार?

प्रत्येक सीझन वेगळा काढा. गर्दीत ८१६ रूम-नाइट आणि २८ लाख ५६ हजार, मधल्या काळात १,४६४ आणि ३६ लाख ६० हजार, पावसाळ्यात ३९० आणि ७ लाख २ हजार. एकूण २,६७० रूम-नाइट, उत्पन्न ७२ लाख १८ हजार. खरी ऑक्युपन्सी (भरलेल्या खोल्यांचं प्रमाण) ४५.७ टक्के आणि खरं सरासरी भाडं २,७०३ रुपये. गंमत बघा, साध्या सरासरीने ऑक्युपन्सी जास्त दाखवली पण भाडं कमी दाखवलं, म्हणजे दोन चुका उलट दिशेला गेल्या आणि तरी शेवटी सव्वासहा लाखांचा फरक उरलाच. भारित सरासरी (प्रत्येक आकड्याला त्याचं वजन देऊन काढलेली) कशासाठी शिकवतात हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, त्यामुळे दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी मांडा, एकच देऊ नका.

भाडं ठरवायला ॲपवर आसपासच्या पाच हॉटेलांचे रेट बघितले आणि ते १,८००, २,०००, २,२००, २,५०० आणि १४,००० निघाले तर मध्य (साधी सरासरी) येतो ४,५००, आणि त्या भाड्याचं हॉटेल यादीत एकही नाही. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा रेट) घ्या, २,२००.

जीएसटी : पुस्तकातला दर आणि आजचा दर

दहावीच्या अर्थनियोजनात जे ५, १२, १८, २८ टक्के पाठ केलेत ते इथे तसेच चिकटवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के लागतो, आधी १२ होता, आणि ७,५०० च्या वर १८ टक्के. ५ टक्क्यांच्या दरात इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणजे एसी, गाद्या, टीव्ही घेताना भरलेला जीएसटी परत वजा करता येणार नाही, तो सरळ खर्चातच धरायचा. बऱ्याच फायलींमध्ये पुस्तकातल्या पद्धतीने तो वजा केलेला असतो.

दुसरी चूक उलट्या टक्क्याची. गिऱ्हाइकाने जीएसटीसकट २,५०० दिले तर मूळ भाडं २,५०० वजा ५ टक्के, म्हणजे २,३७५ नाही, ते २,५०० ÷ १.०५ म्हणजे २,३८०.९५ आहे. फरक सहा रुपयांचा वाटतो, पण १८ टक्क्यांत बघा, ८,८५० मधून १८ टक्के वजा केले तर ७,२५७ येतात आणि खरं उत्तर आहे ७,५००. आलेख काढायचा असेल तर याचाच काढा, ७,५०० च्या खोलीचं बिल ७,८७५ आणि ७,५०१ च्या खोलीचं ८,८५१, एक रुपया भाडं वाढलं की बिल ९७६ ने उडी मारतं. (वर उत्पन्नात धरलेलं भाडं जीएसटी सोडून आहे, हे मी लिहिलं तसं तुम्हीही लिहा.)

कर्जाचा हप्ता, आणि तिथून पुढची खरी भानगड

१ कोटी कर्ज, १० टक्के, १० वर्षं. सरळव्याजाने व्याज १ कोटी, म्हणून हप्ता २ कोटी ÷ १२० = १,६६,६६७ असं लिहितात. बँक व्याज उरलेल्या मुद्दलावर लावते, त्यामुळे ईएमआयच्या (समान मासिक हप्त्याच्या) सूत्राने हप्ता येतो १,३२,१५१ आणि दहा वर्षांचं एकूण व्याज साधारण ५८ लाख ५८ हजार. सूत्रात व्याजाचा दर महिन्याचा घालायचा, म्हणजे १० ÷ १२ टक्के, आणि हप्ते १२०, वर्षं १० नाही. पहिल्या हप्त्यात ८३,३३३ व्याज आणि फक्त ४८,८१८ मुद्दल असतं, हा तक्ता स्प्रेडशीटवर महिनावार केलात तर बघणाऱ्याला लगेच कळतं की तुम्हाला समजलंय.

आता ना-नफा-ना-तोट्याचा बिंदू. पगार, विजेचा स्थिर आकार, देखभाल, लायसन्स असा वर्षाचा ठराविक खर्च २४ लाख, त्यात वर्षाचे हप्ते १५ लाख ८६ हजार, एकूण ३९ लाख ८६ हजार. एका रूम-नाइटमागे लाँड्री, नाश्ता, साबण, वीज मिळून ६५०, आणि अर्धी बुकिंग ॲपवरून २० टक्के कमिशनने आली तर सरासरी २७० आणखी. २,७०३ मधून ९२० गेले, उरले १,७८३. ३९,८६,००० ÷ १,७८३ = २,२३५.६, म्हणजे २,२३६ रूम-नाइट, इथे वरचीच पूर्ण संख्या घ्यायची, कारण २,२३५ ला अजून खर्च निघालेला नसतो. आपल्या २,६७० झाल्यात, हातात साधारण पावणेआठ लाख उरतात.

मग कुणीतरी घसारा (वस्तू जुनी होत जाते तशी तिची दरवर्षी घटणारी किंमत) आठवतं आणि वरच्या खर्चातच मिसळतं, आणि सगळा हिशोब तोट्यात जातो. इमारत कर्जातून बांधली, त्या कर्जाचं मुद्दल हप्त्यातून खर्चात धरलं, परत त्याच इमारतीचा घसाराही धरला, म्हणजे एकच खर्च दोनदा. रोखीचा हिशोब असेल तर पूर्ण हप्ता धरा आणि घसारा सोडा. नफा-तोटा पत्रक असेल तर हप्त्यातलं फक्त व्याज धरा, पहिल्या वर्षी ९ लाख ७२ हजार, आणि घसारा धरा. आयकरात हॉटेलच्या इमारतीला आणि फर्निचरला १० टक्के दर आहे, तेव्हा इमारतीचे १४ लाख ८ हजार, आणि २४ लाखांचं फर्निचर असेल तर २ लाख ४० हजार. ठराविक खर्चाचे २४ लाख धरून बेरीज ५० लाख २० हजार, खोल्यांमधून रूम-नाइटमागचा खर्च जाऊन उरलेले (२,६७० × १,७८३) ४७ लाख ६१ हजार, म्हणजे कागदावर अडीच लाखांच्या वर तोटा. तेच हॉटेल, रोखीत पावणेआठ लाख शिल्लक आणि पत्रकात तोटा! दोन्ही बरोबर आहे, फक्त कुठलं कोष्टक कशाचं आहे ते वर ठळक लिहा.

उत्तर विचित्र आलं तर

खर्च भागवायला ऑक्युपन्सी १०० टक्क्यांच्या वर लागतेय असं आलं तर बहुतेक वेळा वर्षाचा खर्च महिन्याच्या उत्पन्नाने भागलेला असतो. ३ टक्क्यांत खर्च निघाला तर ठराविक खर्च एकाच महिन्याचा धरलाय का ते बघा. शीटमध्ये बेरीज कमी येत असेल तर कुठल्यातरी चौकोनात '२५०० रु.' असं टाइप केलेलं असणार, त्याला शीट मजकूर समजतं आणि बेरजेत घेतच नाही, रुपयाचं चिन्ह फॉरमॅटमधून लावा. फॉर्म्युला खाली ओढल्यावर शून्य यायला लागले तर जीएसटीच्या दराच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावून तो पक्का करायचा राहिलाय. एसी आणि नॉन-एसी खोल्या समीकरणाने काढताना ९.५ खोल्या आल्या, जसं एकूण १६ खोल्या, भाडी ३,००० आणि २,०००, आणि रोजचं टार्गेट ४१,५०० धरलं की येतातच, तर समीकरण चुकलेलं नसतं, टार्गेट बदलायचं. ९ एसी आणि ७ नॉन-एसी घेतल्या तर ४१,००० होतात, १० आणि ६ घेतल्या तर ४२,०००, यातलं काय घेतलं आणि का, ते एका ओळीत लिहून टाका.