जुन्या कॅसेटवरील प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत खेड्यात राहून कसे शोधावे आणि ऐकावे

टास्कॅम कंपनीने १९७९ साली पोर्टास्टुडिओ हे ध्वनिमुद्रण यंत्र बाजारात आणले आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे ध्वनिमुद्रित करणे घरच्या घरी शक्य झाले. त्याच सुमारास युरोप, अमेरिका आणि जपानमधील अनेक कलावंत सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य), ड्रम मशीन आणि टेपचे जोडलेले तुकडे यांतून घडवलेले संगीत स्वतः कॅसेटवर उतरवून, झेरॉक्स काढलेली आवरणे लावून, टपालाने एकमेकांना पाठवू लागले. प्रती मोजक्याच निघत, म्हणून हे संगीत दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. आता त्यातील बरेचसे पुन्हा प्रसिद्ध झाले असल्यामुळे यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात बसूनही ते ऐकता येते.

माझ्या मते सुरुवात आपल्या देशातून करावी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवण्यात आला होता. तेथे गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा आदींनी केलेली ध्वनिमुद्रणे ब्रिटिश कलावंत पॉल पुरगस यांनी शोधून काढली आणि ती ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही कॅसेट नव्हे, रीळांवरची कामे आहेत. तरीही यंत्राचा स्वर सुटा आणि बराच वेळ ऐकण्याची सवय कानाला येथे लागते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मिनिमल वेव्ह आणि पुढे जर्मनीच्या व्हिनाइल-ऑन-डिमांड या संगीत प्रकाशनसंस्थांची प्रकाशने घ्यावीत. मर्झबाऊ या नावाने काम करणारे जपानी कलावंत मासामी अकिता यांचे कर्कश संगीत मात्र पहिल्याच आठवड्यात लावू नये.

पुनर्प्रकाशन निवडताना ते मूळ मास्टरवरून (पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून) केले आहे की कोणाकडे उरलेल्या प्रतीवरून, हे सोबतच्या टिपणात पाहावे. प्रतीवरून केलेले काम कमी दर्जाचे असतेच असे नाही. पण टेपची सरसर घालवण्यासाठी आवाज फार घासला असेल, तर वरचे स्वर बोथट होतात आणि विरत जाणारे नाद मध्येच तुटतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने टेपवर ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला ही सरसर परकी नाही, तेव्हा तिला दोष समजण्याचे कारण नाही. आवृत्त्यांची तुलना डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर करता येते. बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर विकत घेण्यापूर्वी ऐकता येते आणि नंतर फाइल उतरवून ठेवता येत असल्याने रेंज जाणाऱ्या गावात ती सोय मोठीच आहे.

कॅसेटच मागवली असेल, तर ती लावण्याआधी घरातला जुना टेप नीट करावा. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि धातूचा बारीक दांडा पुसावा, रबरी चाकावरचा तपकिरी थरही काढावा. आवाज लहरत असेल, तर बहुधा बेल्ट सैल झालेला असतो आणि तो बदलणे सोपे आहे. आवाज दबलेला वाटत असेल, तर हेडशेजारच्या छोट्या स्क्रूकडे लक्ष द्यावे. ओळखीची कॅसेट चालू ठेवून, चुंबक नसलेल्या पेचकसाने तो केसभर इकडे-तिकडे फिरवावा आणि झांजेसारखे वरचे स्वर जेथे सर्वांत स्वच्छ येतील तेथे थांबावे. हा स्क्रू जरा जास्त फिरला तरी उंच स्वर नाहीसे होतात, म्हणून घाई करू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली ठेवलेल्या कॅसेटचा सांगाडा वाकतो आणि पावसाळ्यात रीळावर बुरशी चढते. त्यामुळे कॅसेट भिंतीच्या आतल्या कपाटात, उभ्या आणि आतली टेप एका बाजूला पूर्ण गुंडाळून ठेवाव्यात. बुरशी दिसलेली कॅसेट स्वच्छ केल्याशिवाय लावू नये, कारण बुरशी हेडवाटे इतर कॅसेटनाही लागते.

ऐकण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. कूलर चालू असताना या संगीतातील मंद, खालचे सूर पंख्याच्या घरघरीत बुडून जातात. त्यामुळे मार्च ते जून या काळात पहाटे कूलर बंद करून ऐकावे. एका वेळी एकच बाजू सलग ऐकावी, कारण बऱ्याच रचना कॅसेटच्या पूर्ण बाजूएवढ्या बेतलेल्या असतात. एखाद्या संकलनातील जो कलावंत मनात राहील, त्याचे नाव वहीत टिपून पुढची कॅसेट त्याची घ्यावी.