अँड्रॉइड सोडून आयफोन घेताय, की आयफोन सोडून अँड्रॉइड? आधी या चुका टाळा

दोन फोन शेजारी ठेवायचे आणि कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन पाहून निकाल लावायचा, ही पहिली चूक. नवा फोन जुन्यापेक्षा सरस वाटणारच, त्यात विशेष काही नाही. खरं तपासायचंय ते जुन्या फोनमध्ये मांडलेलं आपलं बिऱ्हाड. त्यातलं काय सोबत येईल, काय मागे राहील आणि काय पुन्हा विकत घ्यावं लागेल?

दुसरी चूक म्हणजे शिळ्या कारणांवर निर्णय घेणं. 'अँड्रॉइडला अपडेट मिळत नाहीत' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. पण गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. सगळ्याच अँड्रॉइड फोनना ती लागू नाही, म्हणून मॉडेलनुसार बघायचं. 'आयफोनला वेगळी केबल लागते' हेही २०२३ च्या आयफोन १५ पासून संपलं, तिथेही आता अँड्रॉइडसारखीच यूएसबी-सी केबल चालते. आणि कारण फक्त 'फोन फार हळू चालतो' एवढंच असेल, तर आधी स्टोरेज रिकामं करा, बॅटरी किती थकलीय ते बघा. बॅटरी बदलून काम भागत असेल तर सगळं घर हलवायचं कशाला?

पैशांचा हिशेब फोनच्या किमतीपाशी थांबत नाही. एका स्टोअरमधून विकत घेतलेली ॲप्स दुसऱ्या स्टोअरमध्ये फुकट मिळत नाहीत. स्टोअरमार्फत सुरू केलेलं सबस्क्रिप्शन नुसतं ॲप काढून टाकल्याने बंद होत नाही. ते त्याच स्टोअरच्या खात्यात जाऊन रद्द करावं लागतं, नाहीतर फोन बदलल्यावरही पैसे कापले जातात. मनगटावरच्या घड्याळाचंही बघा. ॲपल वॉच अँड्रॉइडशी जोडता येत नाही आणि सॅमसंगची गॅलॅक्सी वॉच ४ पासूनची घड्याळं आयफोनशी जोडता येत नाहीत. ब्लूटूथ हेडफोन मात्र बिनधास्त न्या, फार तर एखादी खास सोय कमी होईल.

व्हॉट्सॲप: सगळ्यात जास्त रडारड इथेच

अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगल खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात. दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. त्यामुळे 'माझा बॅकअप आहे ना' म्हणून निर्धास्त असलेला माणूस नव्या फोनवर रिकामी चॅट-यादी बघत बसतो.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना चॅट ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून नेता येतात. पण त्यासाठी आयफोन कोरा हवा, म्हणजे सेटअप सुरू असतानाच हे काम उरकायचं. घाईने सेटअप संपवून, वापरायला सुरुवात करून, चार दिवसांनी चॅट आठवले की फोन रीसेट करून पहिल्यापासून श्रीगणेशा. दोन्हीकडे नंबर तोच ठेवा. आणि कॉलची यादी येत नाही, तिची वाट बघू नका.

डेटा जाता जाता मध्येच अडकला तर? दोन्ही फोन चार्जरला लावा, अँड्रॉइडवरचा मोबाइल डेटा बंद करा आणि 'मूव्ह टू आयओएस' स्क्रीनवर उघडंच राहू द्या. मध्ये एखादा मेसेज बघायला दुसरं ॲप उघडलं, की काम तुटू शकतं. आणखी एक गंमत म्हणजे अँड्रॉइड 'झालं' म्हणाला तरी झालेलं नसतं. आयफोनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत दोघांना हात लावायचा नाही.

उलट दिशेने, आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना, वेगळाच प्रकार छळतो. आयमेसेज, म्हणजे आयफोनवाल्यांची आपसातली मेसेज सेवा, चालू ठेवून सिम काढलं, तर आयफोनवाल्या लोकांचे मेसेज जुन्या पत्त्यावरच जात राहतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. सिम काढण्याआधी सेटिंग्जमधून आयमेसेज आणि फेसटाइम (ॲपलची व्हिडिओ कॉलची सोय) बंद करा. आधीच विसरला असाल, तर नंबरची नोंदणी रद्द करण्यासाठी ॲपलचं एक वेबपान आहे. तिथे नंबर टाकायचा, आलेला कोड भरायचा, की सुटका.

जुना फोन पुसायची घाई

ही माझी स्वतःची चूक. फोटो आले, नंबर आले, चॅट आले, म्हणून मी त्याच रात्री जुना फोन रीसेट केला. सकाळी ईमेलने सहा आकडी कोड मागितला. कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप जुन्या फोनवर होतं. अडीनडीला वापरायचे बॅकअप कोड होते, पण तेही त्याच फोनमधल्या नोट्समध्ये! पुढचे काही दिवस मी, मी आहे हे सिद्ध करण्यात गेले.

म्हणून ऑथेंटिकेटर आधी हलवा. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती क्यूआर कोडने दुसऱ्या फोनवर नेता येतात. ज्या ॲपमध्ये अशी सोय नाही, तिथे प्रत्येक खात्यात शिरून नवा फोन जोडावा लागतो, आणि त्यासाठी जुना फोन जिवंत हवा. बँकेचं ॲपही नव्याने नोंदवावं लागतं. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, जुनाट वाटलं तरी.

निदान दोन आठवडे जुना फोन चार्ज करून कपाटात असू द्या. मग तो कुणाला द्यायचा असेल, तर नुसतं रीसेट करून भागत नाही. आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट करा, अँड्रॉइडवरून गूगल खातं काढा, मगच रीसेट. नाहीतर फोन नव्या मालकाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसेल.