तीन हरणांचं एक अक्षर: जुन्या चिनी अक्षराचा अर्थ आणि उच्चार कसा शोधावा

वर एक हरीण, खाली दोन. जुनं चिनी पुस्तक वाचताना हे दाट अक्षर समोर आलं की मनात पहिला अर्थ येतो 'कळप'. तो लिहून मोकळं होऊ नका, कोश उघडा.

१. आधी घटक धरा, म्हणजे कोशात अक्षर ज्याखाली लावलं जातं तो भाग. १७१६ सालच्या खांगशी कोशात अक्षरं २१४ घटकांखाली लावली आहेत. हरीण हा १९८ वा घटक, त्याच्या रेघा ११. उरलेल्या दोन हरणांच्या २२. म्हणून हरणाच्या भागात २२ रेघांच्या रांगेत पाहा. पेन न उचलता वळलेली रेघ एकच धरायची. गणती चुकते ती इथेच.

२. मग उच्चार. जुने कोश तो दोन सोप्या अक्षरांनी सांगतात: पहिल्याचं आरंभीचं व्यंजन घ्यायचं, दुसऱ्याचा उरलेला भाग. या रीतीला 'फानछ्ये' म्हणतात. इथे 'त्सांग' आणि 'हू' दिले आहेत. जोडून झालं 'त्सू'. चिनीत प्रत्येक अक्षराच्या उच्चाराला ठरलेला सूर असतो, पण आजच्या 'हू'चा चढता सूर मात्र उचलू नका. 'हू'चा जुना, 'सम' म्हटला जाणारा सूर पुढे दोन सुरांत दुभंगला, आणि आरंभीचं व्यंजन अघोष (म्हणजे कंठ न थरथरता उच्चारलेलं) असेल तिथे तो उंच व सपाट राहिला. म्हणून 'त्सू' उंच, सपाट सुरात म्हणा. आपल्याला हे व्यंजन अवघड नाही: 'चमचा'मधला च घ्या आणि त्याला श्वासाचा झोत द्या. 'छ' मात्र नको, तिथे जीभ टाळूला लागते.

३. आता अर्थ, जुन्यापासून नव्याकडे. शू शनच्या कोशात (सुमारे इ. स. १००) अर्थ आहे 'दूरवर झेपावत जाणं'. हरीण दचकून उड्या मारतं म्हणून तीन हरणं, असं पुढे त्वान यूत्साय या टीकाकारानं समजावलं. त्या बेभान धावण्यातूनच 'बेपर्वा', 'ओबडधोबड' हे अर्थ निघाले, हा त्याचा धागा मला फार पटतो. हान काळातल्या यांग श्युंगच्या बोलीकोशात तर दक्षिणेकडच्या छू प्रदेशात हाच शब्द पादत्राणासाठी आहे!

४. शेवटी वाक्यात बसवून पाहा. पुढे कापड किंवा भात असेल तर 'जाडंभरडं' घ्या. आजच्या छापील मजकुरात याच उच्चाराचं, डावीकडे तांदूळ असलेलं सोपं अक्षर दिसेल. त्यानंच हरणांना मागे टाकलं, हे त्वाननंही नोंदवून ठेवलं आहे; आधुनिक शब्दकोशात शोधताना तेच वापरा.