याकुशिमाला जाताय? बंदरावरच्या उन्हाला भुलू नका

जपानच्या याकुशिमा बेटावर मियानौरा शिखर (१९३६ मीटर) चढायचं असेल तर सामान माथ्याच्या हिशेबाने भरा. समुद्रावरचा दमट वारा थेट डोंगराला धडकतो, वर चढतो आणि तिथेच रिता होतो. किनाऱ्यावर वर्षाला साधारण ४००० मिलिमीटर पाऊस, डोंगरात त्याच्या दुप्पट. आपली आंबोली बरी म्हणायची! शिवाय हजार मीटरमागे सुमारे सहा अंश पारा उतरतो. खाली २५ तर वर १३-१४. हिवाळ्यात चक्क बर्फ. सुती कपडे नकोतच, भिजले की अंगाला चिकटून कुडकुडवतात. शर्ट-पँटचा रेनकोट घ्या. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. छत्री बंदरापुरतीच.