ऊसतोड मजुरांच्या हकिगतींतून नाटक कसं उभं करावं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरा, भिल्ल कुटुंबं दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात. मुलाखती ती घरी परतल्यावरच घ्या. फडावर मुकादम, म्हणजे मजुरांना कामावर नेणारा ठेकेदार, आसपास असतो, माणूस मोकळं बोलत नाही. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. पावरी-भिलीतलं बोलणं लगेच प्रमाण मराठीत उतरवू नका, संवादांचा जीव तिथेच जातो.

संमती दोनदा घ्या: रेकॉर्डिंगआधी आणि संहिता वाचून दाखवल्यावर. नुसती नावं बदलून भागत नाही. उचल (हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) किती, पाडा कोणता, एवढ्यावरून गाव माणूस ओळखतं आणि पुढच्या हंगामात त्याचीच उचल अडू शकते. म्हणून तीन-चार हकिगती मिळून एक पात्र करा.

प्रयोग २०-२५ मिनिटांचा, पाच-सहा नट, सोंगाड्या पार्टीच्या, म्हणजे इथल्या आदिवासी लोकनाट्याच्या, ढंगाने. सगळा जोर हिशेबाच्या प्रसंगावर द्या. मुकादमाची वही, शाईचा डबा. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं, पण वहीत अंगठा नवऱ्याचाच. तिथे नाटक थांबवून प्रेक्षकांना विचारा, "आता हिने काय करावं?" बायका पुढे बसलेल्या नसतील तर उत्तरं पुरुषांचीच येतात. उत्तर देणारीला पात्राच्या जागी उभं करा, प्रसंग पुन्हा खेळा. मुकादम झालेल्या नटाने सहज हार मानू नये. नाहीतर सराव खोटा होतो.

उचलीपायी मजुराला डांबून कामाला जुंपणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. हे पात्राच्या तोंडी घालू नका, प्रयोगानंतर बसून समजावा.