आदर्श म्हणून कॉमिकमधला महानायक कसा निवडावा

महानायक निवडताना त्याची अलौकिक शक्ती आधी बाजूला काढावी आणि मागे काय उरते ते पाहावे, कारण उडणे आपल्याला जमणार नाही, पण उरलेले बरेच काही अंगी बाणवता येते. १९३८ साली अवतरलेल्या सुपरमॅनमधून शक्ती वजा केली, तर बातमीमागचे सत्य शोधणारा पत्रकार क्लार्क केंट उरतो. १९३९ च्या बॅटमॅनकडे अशी शक्ती मुळातच नाही. आहे तो सराव आणि पुराव्यांचा चिकाटीने घेतलेला माग.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९६२ मधला स्पायडरमॅन. पळणाऱ्या चोराला अडवणे सहज शक्य असताना, आपला काय संबंध, असे समजून तो बाजूला होतो आणि पुढे त्याच चोराच्या हातून त्याचे बेनकाका मारले जातात. हा प्रसंग सावकाश वाचावा, आणि गेल्या आठवड्यात आपण कोठे असेच बाजूला झालो ते वहीत एका ओळीत लिहावे. त्यानंतर निवडलेल्या नायकाची एकच कृती महिनाभर रोज करावी: स्पायडरमॅन असेल तर जिथून सहज निघून जाता आले असते तिथे थांबून मदत करावी, बॅटमॅन असेल तर मत बनवण्यापूर्वी पुरावा तपासावा.